पाव तासाचें अंतर : नेपाळची दूरचित्रवाणी आणि तिचे प्रेक्षक

मुंबईच्या घड्याळांत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हां काठमांडूच्या घड्याळांत सव्वानऊ झालेले असतात. हें पाव तासाचें अंतर फार जुनें नाहीं. १९८५ सालच्या अखेरपर्यंत दोन्ही देशांची वेळ एकच होती. १९८६ च्या आरंभापासून नेपाळनें गौरीशंकर शिखराचें रेखावृत्त प्रमाण मानलें आणि आपले कांटे पंधरा मिनिटें पुढें सरकविले. मौज अशी कीं, नेपाळची स्वतःची दूरचित्रवाणी नियमितपणें सुरू झाली तीहि नेमकी त्याच सुमारास, १९८५ च्या डिसेंबरांत. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु स्वतःची वेळ आणि स्वतःचा पडदा ह्या दोन्ही गोष्टी एका देशानें एकाच हिवाळ्यांत हातीं घ्याव्या, यावरून त्याच्या मनाची ओढ कोठें होती हें दिसून येतें. नेपाळी माणूस संध्याकाळीं घरीं बसून काय पाहतो, कां पाहतो, आणि ह्या ओढीचें पुढें काय झालें, त्याविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें.

आपल्या शेजारीपाजारी ही विद्या प्रथम दिल्लीस आली, १९५९ सालीं. लाहोर आणि ढाका येथें ती १९६४ मध्यें पोंचली, मालदीव व श्रीलंका येथें त्यानंतरच्या दशकांत. नेपाळचा क्रम त्याहूनहि मागचा. त्याच्यामागें राहिला तो भूतान, जेथें दूरचित्रवाणी उजाडावयास १९९९ साल लागलें. ह्या उशिराचें कारण केवळ दारिद्र्य नव्हे. राणा घराण्याच्या अमदानींत साधा रेडिओचा संच घरीं बाळगण्याची मोकळीकसुद्धां सामान्य प्रजेला नव्हती. बाहेरचा वारा आंत येऊं नये, हेंच त्या राजवटीचें धोरण. ती राजवट उलथून पाडणाऱ्या क्रांतिकारकांनीं विराटनगराहून आपलें नभोवाणीकेंद्र चालविलें, आणि १९५१ च्या एप्रिलांत 'रेडियो नेपाल' जन्मास आला तो त्या क्रांतीचें अपत्य म्हणूनच. त्यानंतरचीं तीस-पस्तीस वर्षें वार्ता, गाणें, हवामान, शेतीचा सल्ला, सारें कांहीं नेपाळनें कानांनींच घेतलें.

डोंगर हा दूरचित्रवाणीचा हाडवैरी. तिच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें कडा आला कीं पलीकडच्या खोऱ्यांत अंधार. काठमांडूच्या दक्षिणेस फुलचोकी नांवाचा उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरून सोडलेलें चित्र राजधानीच्या खोऱ्यांत स्वच्छ उतरे. परंतु दोन रांगा ओलांडून पलीकडे जावयाचें तर तेथें नवें केंद्र, नवा मनोरा, नवी वीज आणि ती राखावयास माणूस. उलट दक्षिणेकडील तराईचा प्रदेश तळहातासारखा सपाट. बिहार आणि उत्तर प्रदेश यांच्या सरहद्दीजवळच्या भारतीय केंद्रांवरून निघालेल्या लहरींना तेथें अडविणारें कांहींच नव्हतें. १९८४ सालीं भारतांत प्रक्षेपणकेंद्रांचें जाळें झपाट्यानें विणलें गेलें, आणि तराईंतल्या छपरांवर उंच बांबूंना बांधलेल्या अँटेना दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. स्वतःच्या राजधानीचें चित्र पोंचण्याआधीं शेजारच्या देशाचें चित्र तेथें पोंचलें होतें. पुढें जें जें घडलें त्याचें मूळ ह्या भूगोलांत आहे.

१९८७ च्या जानेवारींत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालें. रविवारीं सकाळीं साडेनऊला आपल्याकडचे रस्ते कसे ओस पडत, हें वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. सरहद्दीपलीकडे तीच मालिका पावणेदहाला लागे. आणि नेपाळांत साप्ताहिक सुटी शनिवारची, रविवार हा कामाचा पहिला दिवस! म्हणजे इकडे कचेरीची वेळ होत आलेली आणि तिकडे पडद्यावर श्रीरामचंद्र वनवासास निघालेले. त्यांतून ह्या प्रेक्षकांपैकीं जनकपूरच्या माणसाचा विचार करा. जनकपूर हें नेपाळांत. सीता ही तेथली लेक, अशी तेथील श्रद्धा. दर वर्षीं विवाहपंचमीला तिचें लग्न तेथें थाटामाटानें लागतें. त्या गांवच्या गृहस्थानें पडद्यावर मिथिलेचा स्वयंवरमंडप पाहिला, तो परक्या देशाचा कार्यक्रम म्हणून कसा पाहावा? घरच्या मुलीची हकीकत तो पाहत होता; सांगणारा मात्र परमुलुखांतला होता आणि हिंदींत बोलत होता. काठमांडूच्या अधिकाऱ्याला जें परकीय आक्रमण वाटे, तें जनकपूरच्या घरांत माहेरचें बोलणें वाटे.

'नेपाळी प्रेक्षक' असा एकवचनी शब्द आपण सहज वापरतों, पण तो प्रेक्षक एक नव्हे. २०२१ च्या जनगणनेंत त्या देशांत १२४ मातृभाषांची नोंद झाली. नेपाळी ही शंभरांतील सुमारें ४५ माणसांची मातृभाषा. मैथिली सुमारें ११ माणसांची. त्यांच्यामागून भोजपुरी, थारू, तामाङ, नेवारी अशी रांग लागते. सरकारी दूरचित्रवाणीनें दीर्घकाळ बोलण्यासाठीं निवडली ती मुख्यतः नेपाळी. मैथिली बोलणाऱ्या आजीबाईंना ती बहुधा हिंदीइतकीच दूरची, किंबहुना हिंदीहूनहि थोडी दूरची. ही गोष्ट काठमांडूंत बोलून दाखविली तर अजूनहि कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते.

हिंदीचें प्रकरण तर फारच नाजूक. १९९० सालीं लोकशाही परत आली, पुढें केबलच्या तारा गल्लोगल्लीं पसरल्या, आणि आपल्या मुंबईंत तयार होणाऱ्या सासूसुनांच्या मालिका काठमांडूच्या दिवाणखान्यांत रोज रात्रीं उतरूं लागल्या. शाळेंत एक अक्षर न शिकतां मुलें हिंदी बोलूं लागलीं. आतां ह्या चित्राशेजारीं दुसरें चित्र ठेवा. २००८ च्या जुलैंत नेपाळ प्रजासत्ताकाचे पहिले उपराष्ट्रपति परमानंद झा यांनीं पदाची शपथ हिंदींतून घेतली. राजधानींत केवढा गहजब उडाला! पुतळे जळाले, मोर्चे निघाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत जाऊन ती शपथ अवैध ठरली, आणि शेवटीं २०१० सालीं त्यांनीं नेपाळी व मैथिली ह्या भाषांतून पुन्हां शपथ घेतली. ज्या घरांतून हा संताप बाहेर पडला त्यांपैकीं बऱ्याच घरांत त्या रात्रीं हिंदी मालिका चालू असेल. ह्यांत ढोंग आहे असें मी म्हणणार नाहीं. करमणुकीसाठीं कोणाची भाषा ऐकावी आणि राज्यकारभारांत कोणाची ऐकावी, हे दोन प्रश्न माणूस मनाच्या दोन कप्प्यांत ठेवतो.

पाहण्याच्या संवयींविषयीं बोलतांना विजेला विसरून चालावयाचें नाहीं. २००९ सालच्या आरंभीं, ऐन हिवाळ्यांत, काठमांडूंत दिवसाचे सोळा सोळा तास वीज नसे. आपल्याकडे ज्याला भारनियमन म्हणतात तेंच हें. कोणत्या मोहल्ल्याची वीज कोणत्या वारीं केव्हां जाणार याचें वेळापत्रक भिंतीवर लटकलेलें असे. कोणती मालिका पाहावी हें आवडीपेक्षां तेंच ठरवी. २०१६ च्या सुमारास राजधानीचा हा जाच संपला.

मग नेपाळी पडद्यावर नेपाळी असें कांहीं चाललेंच नाहीं काय? चाललें, आणि जें चाललें तें हास्य. ह्याचें मूळ दूरचित्रवाणीपेक्षां पुष्कळ जुनें आहे. काठमांडूच्या खोऱ्यांत श्रावणानंतर गाईजात्रा नांवाचा उत्सव येतो. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल तें घर गाईला, किंवा गाईचा वेष घातलेल्या लहान मुलाला, मिरवणुकींत पाठवितें. आख्यायिका अशी कीं, राजा प्रतापमल्ल याची राणी पुत्रशोकानें खचून गेली तेव्हां राजानें प्रजेला सांगितलें, 'माझ्या राणीला कोणी हसवा.' लोक सोंगें घेऊन आले, त्यांनीं मोठमोठ्यांची टर उडविली, आणि राणी हसली. तेव्हांपासून त्या दिवसांत थट्टेला मुभा. पक्षांना बंदी असलेल्या पंचायत राजवटींतहि गाईजात्रेच्या निमित्तानें रंगमंचावर सत्तेची खोडी काढतां येई. त्या रंगमंचावर तयार झालेली जोडी म्हणजे मदनकृष्ण श्रेष्ठ आणि हरिवंश आचार्य. दोघांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'मह' म्हणतात. ते दूरचित्रवाणीवर आले तेव्हां शतकांची परवानगी सोबत घेऊनच आले.

त्यांच्यामागून संतोष पंत यांची 'हिजो आजका कुरा', म्हणजे कालआजच्या गोष्टी. मग 'तीतो सत्य', म्हणजे कडू सत्य. मग 'मेरी बास्सै'. ह्या मालिकांना ना देखणे महाल, ना भरजरी साड्या. एक अंगण, एक चहाचें दुकान, गांवचा लबाड पुढारी, परदेशीं जाण्यासाठीं दलालाच्या मागें लागलेला तरुण, आणि डोंगरी उच्चारांतलें फटकळ बोलणें. मुंबईची सून पन्नास तोळे अंगावर घालून रडते, ती पाहावयास नेपाळी गृहिणीला आवडते, यांत शंका नाहीं. पण तिच्या घरीं पाणी आलें नाहीं तर ती रडत नाहीं, हेंहि ह्या गृहिणीला ठाऊक असतें. पाण्याची गोष्ट 'तीतो सत्य'सारख्या मालिकांनींच सांगावी.

आणि ह्या हसविणाऱ्यांवर लोकांनीं किती विश्वास टाकला पाहा. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपांत सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं, लक्षावधि घरें पडलीं. सरकारी मदत कागदांत अडकली होती. त्या वेळीं 'मेरी बास्सै'मधले धुर्मुस, म्हणजे सीताराम कट्टेल, आणि सुंतलीची भूमिका करणाऱ्या त्यांच्या पत्नी कुंजना घिमिरे यांनीं घरें बांधण्यास प्रारंभ केला. काभ्रे आणि सिंधुपाल्चोक ह्या जिल्ह्यांत त्यांनीं वस्त्याच्या वस्त्या उभ्या केल्या. देशांतून व परदेशांतून नेपाळी माणसांनीं पैसा दिला तो ह्या सोंगाड्यांच्या हातीं. पुढें चितवनांत क्रिकेटचें मोठें मैदान बांधण्याचा त्यांचा संकल्प मात्र अर्ध्यावर राहिला, हेंहि सांगितलें पाहिजे. नटाला स्थपति होणें दर वेळीं साधत नाहीं. तथापि ज्या समाजांत मंत्र्यापेक्षां विदूषकाच्या हातीं देणगी देणें अधिक सुरक्षित वाटतें, त्या समाजाच्या मनांत दूरचित्रवाणीनें कोणती जागा मिळविली आहे हें निराळें सांगावयास नको.

विश्वासाचा शब्द निघाला, म्हणून आतां बातम्यांकडे वळतों. ही ह्या विषयाची कडू बाजू.

२००० सालच्या डिसेंबरांत काठमांडूंत एक आवई उठली : हृतिक रोशन नांवाच्या आपल्या सिनेनटानें दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत 'मला नेपाळी लोकांचा तिटकारा आहे' असें म्हटलें. तसें तो बोललेला नव्हता. परंतु दंगल पेटली, दुकानें फुटलीं, माणसें मेलीं. ज्यांनीं दगड उचलले त्यांपैकीं ती मुलाखत स्वतः पाहिलेला कोण होता? पडद्यावर जें दिसलें नाहीं त्यासाठीं रक्त सांडलें. शेजाऱ्याच्या पडद्यावर आपल्याविषयीं कांहीं वाईट बोललें जात असेल, हा संशय मनांत आधींपासून दबा धरून बसला नसता, तर एवढ्याशा ठिणगीनें आग लागती ना.

त्यानंतर सहाच महिन्यांनीं खरी परीक्षा आली. १ जून २००१, शुक्रवार. रात्रीं नारायणहिटी राजवाड्यांत गोळीबार झाला. राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि राजकुलांतील अनेक मंडळी मारलीं गेलीं. दुसरा दिवस शनिवारचा, म्हणजे सुटीचा. सारा देश घरीं. लोकांनीं रेडिओ लावला, तर त्यावर शोकधून. कोणासाठीं, तें नाहीं. स्वतःच्या राजाच्या मरणाची वार्ता नेपाळी प्रजेला मिळाली ती बी. बी. सी. कडून, भारतीय वाहिन्यांकडून, शेजाऱ्याच्या टेलिफोनवरून. अधिकृत घोषणा झाली ती त्या दिवशीं दुपारीं. पुढें 'आपोआप सुटलेल्या बंदुकीचा अपघात' असा खुलासा निघाला, त्यावर कोणी विश्वास ठेवला नाहीं. आणि चौकशीसमितीचा अहवाल बाहेर आला तोंवर विश्वास ठेवण्याची संवयच मोडली होती. त्या एका सकाळच्या मौनानें जितके प्रेक्षक परक्या वाहिन्यांकडे वळविले, तितके साऱ्या मुंबईच्या मालिकांनींहि वळविले नसतील, असें माझें स्पष्ट मत आहे.

खाजगी वाहिन्यांचा उदय यानंतरचा. 'कान्तिपुर' २००३ सालीं सुरू झाली. परंतु मौनाची हांव राजसत्तेला सुटली नव्हती. १ फेब्रुवारी २००५ रोजीं राजे ज्ञानेंद्र यांनीं दूरचित्रवाणीवरून भाषण करून सत्ता हातीं घेतली, आणि पाठोपाठ टेलिफोन बंद पडले, वृत्तकचेऱ्यांत सैनिक येऊन बसले. पडदा हा आतां राजवाड्याइतकाच ताब्यांत ठेवावयाचा गड झाला होता. सवातीन वर्षांनीं राजसत्ताच गेली.

शेजाऱ्याचा दोष सांगितला नाहीं तर हें भाषण एकांगी होईल. भूकंपानंतर भारतीय वाहिन्यांचे बातमीदार नेपाळांत लोटले. मदतीच्या विमानांचें कौतुक जितक्या आवेशानें झालें तितक्या हळुवारपणानें मेलेल्यांच्या घरच्यांना प्रश्न विचारले गेले नाहींत. 'भारतीय माध्यमांनो, परत जा' अशी हांक ट्विटरवर उठली. पुढें २०२० च्या उन्हाळ्यांत लिपुलेख व कालापानी यांच्या नकाशाचा वाद तापला. नेपाळच्या पंतप्रधानांविषयीं कांहीं भारतीय वाहिन्यांनीं असभ्य मजकूर दाखविला. तेव्हां तेथील केबलचालकांनीं दूरदर्शन वगळून भारताच्या वृत्तवाहिन्या बंद केल्या. राग रास्त होता. पण तोच मजकूर प्रत्येकाच्या हातांतल्या मोबाइलवर दिसत असतां केबलची तार कापून काय मिळालें?

त्याच वर्षीं केलेली दुसरी गोष्ट मला अधिक शहाणपणाची वाटते. भारतीय वाहिन्या नेपाळांत येत त्या आपल्या जाहिरातींसकट. साबणवाल्याचा साबण नेपाळी गृहिणीपर्यंत फुकट पोंचत असतां त्यानें काठमांडूच्या वाहिनीला जाहिरात कां द्यावी? जाहिरात नाहीं म्हणून पैसा नाहीं, पैसा नाहीं म्हणून मालिका गरीब, मालिका गरीब म्हणून प्रेक्षक नाहीं, असें तें रहाटगाडगें. २०१९ च्या कायद्यानें ठरविलें आणि २०२० च्या ऑक्टोबरापासून अंमलांत आलें कीं, परदेशी वाहिनी यावी, पण परदेशी जाहिरात गाळून यावी. आरंभीं पुष्कळांच्या आवडत्या वाहिन्या पडद्यावरून दिसेनाशा झाल्या, घरोघर कुरकुर झाली. परंतु ह्यांत प्रेक्षकाचे डोळे झांकलेले नाहींत, घरच्या कारागिराच्या हातीं चार पैसे यावेत एवढीच तजवीज आहे.

मात्र तोंवर प्रेक्षक उठून दुसरीकडे चालला होता. २०११ च्या जनगणनेंत शंभर घरांपैकीं सुमारें ३६ घरांत दूरचित्रवाणीसंच होता. २०२१ मध्यें सुमारें ४९ घरांत. चांगली वाढ म्हणावयाची. परंतु त्याच २०२१ मध्यें स्मार्टफोन असलेलीं घरें सुमारें ७३. आणि सुमारें २२ लक्ष माणसें घराबाहेर, परदेशीं : कतारांत, मलेशियांत, सौदी अरबस्तानांत, आणि आपल्याकडेहि. ज्या घरांतला कर्ता मुलगा दोह्याला आहे त्या घरीं संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम कोणत्याहि वाहिनीचा नसतो. तो मुलाच्या तोंडाचा असतो, वीतभर पडद्यावर.

४ सप्टेंबर २०२५ रोजीं सरकारनें २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, तेव्हां हा वीतभर पडदा तिच्या तडाख्यांत सांपडला. हुकूम काढणाऱ्यांना वाटलें, आपण पोरांचा चाळा बंद करीत आहों. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारांत एकोणीस जण पडले, त्याच रात्रीं बंदी उठली. पण वेळ निघून गेली होती. ९ तारखेला सिंहदरबार जळला आणि 'कान्तिपुर' वाहिनीची इमारतहि जळली. वर्षानुवर्षें सरकारांशीं भांडलेल्या वाहिनीला त्या जमावानें सरकारच्याच पंक्तीस बसविलें, हें मला फार क्लेशकारक वाटतें. हंगामी पंतप्रधान कोणाला करावें याची चर्चा ह्या पिढीनें केली ती दूरचित्रवाणीच्या चर्चागृहांत नव्हे, तर डिस्कॉर्ड नांवाच्या गप्पांच्या अड्ड्यावर. आणि १२ तारखेला सुशीला कार्की यांनीं शपथ घेतली.

मुंबई-पुण्याच्या कित्येक इमारतींच्या दारावर रात्रपाळीला नेपाळी माणूस बसलेला असतो. रात्रीं उशिरां आपण परत येतों तेव्हां त्याच्या हातांतल्या फोनचा उजेड त्याच्या तोंडावर पडलेला दिसतो. तो काय पाहतो आहे, हें त्याला एकदां विचारून पाहा. 'मेरी बास्सै'चा एखादा जुना भाग निघण्याचा संभव पुष्कळ आहे. आणि त्याला वेळ असेल, तर त्यांतला विनोद हिंदींत समजावून सांगण्याची खटपटहि तो करील.